दुसऱ्या मॉनिटरची जोडणी

घरच्या संगणकाला मूळ पडद्याखेरीज आणखी एक पडदा जोडून दोहोंवर मिळून एकच सलग डेस्कटॉप मिळवण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबईकडे बोलताना ‘ड्युअल मॉनिटर’, ‘दुसरी स्क्रीन’ किंवा नुसते ‘एक्स्टेंड करणे’ असे म्हणतात. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा पहिला धरतात, बाहेरून जोडलेला दुसरा. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवणे, म्हणजे ‘डुप्लिकेट’, ही वर्गात वा सभेत उपयोगी पडणारी निराळी सोय असून येथे ती गौण मानली आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ केव्हापासून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही, आणि मतभेदाचे मूळ व्याख्येत आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत एकरंगी मजकुराचे व रंगीत चित्रांचे अशी दोन व्हिडिओ कार्डे एकाच वेळी बसवता येत, कारण ती मेमरीतील वेगवेगळे पत्ते वापरत. लोटस १-२-३ (१९८३) या स्प्रेडशीटमध्ये आकडे एकरंगी पडद्यावर आणि आलेख रंगीत पडद्यावर ठेवण्याची सोय होती. प्रोग्रॅमरही एका पडद्यावर प्रोग्रॅम चालवून दुसऱ्यावर त्यातील चुका शोधत. या आधारावर १९८१ हे आरंभवर्ष मानता येते. परंतु त्या दोन पडद्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. एकावरची गोष्ट ओढून दुसऱ्यावर नेता येत नसे. हा संबंध १९८७ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश टू या संगणकात स्पष्ट दिसतो. त्यात सहा स्लॉट होते. त्यांत जादा व्हिडिओ कार्ड घालून मॉनिटर जोडला की विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकवता येई, अर्धी इकडे अर्धी तिकडेही ठेवता येई. विंडोजमध्ये घरगुती ग्राहकासाठी ही सोय १९९८ मध्ये, विंडोज ९८ बरोबर, अंगभूत झाली; तिची मर्यादा नऊ मॉनिटरांची होती. त्याआधी कार्ड बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, भिस्त ठेवावी लागे. पुढच्याच वर्षी मॅट्रॉक्स कंपनीच्या जी४०० कार्डाने एकाच कार्डावर दोन पडदे चालवून दाखवले. पडद्यांची नुसती संख्या न मोजता सलग डेस्कटॉप ही कसोटी लावली, तर १९८७ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

तांत्रिक स्वरूप : चित्र तयार करते ती ग्राफिक्स चिप, सॉकेट ही केवळ त्याची वाट. म्हणून संगणकाला दोन सॉकेट आहेत एवढ्यावरून दोन स्वतंत्र चित्रे मिळतील असे होत नाही. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांतील ग्राफिक्स दोन पडदे चालवी, तिसऱ्या पिढीपासून (२०१२) तीन. एम१ चिपचा मॅकबुक एअर (२०२०) बाहेरचा एकच पडदा चालवतो; एका सॉकेटाची अनेक करणारा साधा हब लावून ही संख्या वाढत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर पुष्कळदा मदरबोर्डचे (मुख्य सर्किट बोर्डाचे) व्हिडिओ सॉकेट बंद असतात. तेथे लावलेला मॉनिटर ‘नो सिग्नल’ एवढेच सांगतो. मॉनिटर सदोष समजून दुकानात परत नेण्यापूर्वी दोन्ही केबली कार्डालाच लावून पाहाव्यात. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होते.

केबलीचा प्रश्नही नीट समजून घेण्याजोगा आहे. १९८७ पासूनची १५ पिनांची व्हीजीए ॲनालॉग आहे, म्हणजे चित्र कमीजास्त विद्युतदाबाच्या रूपात नेते. २००२ च्या अखेरीस आलेली एचडीएमआय आणि २००६ मधील डिस्प्लेपोर्ट डिजिटल, म्हणजे चित्र अंकांच्या रूपात नेणाऱ्या. त्यामुळे एचडीएमआयतून व्हीजीएत जाताना आत रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे साध्या ॲडॅप्टरने बहुधा जाता येते, मात्र उलट दिशेने नाही. दोन्ही दिशांचे ॲडॅप्टर दुकानात सारखेच दिसतात. यूएसबी-सी सॉकेट असूनही त्यातून चित्र येईलच असे नसते.

चित्राचा वेग केबलीच्या क्षमतेवर ठरतो. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे ३ गिगाबिट. फोर-के पडद्याला याच्या चौपट, जवळजवळ १२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय १.४ (२००९) ची प्रत्यक्ष क्षमता ८ गिगाबिटांच्या आसपास असल्याने तिच्यावर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. २.० आवृत्तीपासून (२०१३) ही अडचण उरत नाही, पण त्यासाठी संगणक, केबल व मॉनिटर तिन्ही त्या ताकदीचे हवेत.

जोडणी झाल्यावर विंडोजमध्ये विंडोज-पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडतात. सेटिंगमधील क्रमांकित चौकोन टेबलावरील मांडणीप्रमाणे सरकवून ठेवावे लागतात. नाहीतर डावीकडच्या पडद्यावर जायला बाण उजवीकडे न्यावा लागतो.

स्थानिक प्रचार : सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत ऐरोली, महापे येथे आणि ठाण्यात वागळे इस्टेट, घोडबंदर रस्ता या भागांत संगणकावर चालणारी कार्यालये पुष्कळ आहेत. त्यांतील दोन पडद्यांची सवय मार्च २०२० च्या टाळेबंदीत घरी आली असे मानण्यास जागा आहे. वन-बीएचकेत जेवणाच्या टेबलावर दुसरा मॉनिटर मावत नाही. अशा घरात टेबलाच्या कडेला आवळायचा, मॉनिटर पेलणारा आर्म सोयीचा पडतो. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोके आहेत का, हे घेण्याआधीच पाहावे. खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या व्हीजीए केबलीच्या पिना काळवंडू शकतात. चित्रावर पिवळी किंवा गुलाबी झाक आली, तर प्रथम केबल काढून पिना पुसाव्यात आणि दोन्ही स्क्रू पुन्हा आवळावेत.