‘हॅरी पॉटर’चा शेवटचा चित्रपट आणि दहा वर्षांचे साचलेले देणे

१५ जुलै २०११ रोजी ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’चा दुसरा भाग प्रदर्शित झाला, तेव्हा तिकीट काढून आत जाणाऱ्या असंख्य प्रेक्षकांना शेवट आधीच ठाऊक होता. कोण मरते, कोण वाचते, हॅरीचा शिक्षक स्नेप नेमका कोणाच्या बाजूचा होता, हे सारे चार वर्षांपूर्वीच, २१ जुलै २००७ रोजी, सातव्या पुस्तकाने सांगून टाकले होते. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झाला आणि भारतात पहाटेचे साडेचार वाजले, तेव्हा त्या पुस्तकाची विक्री सुरू झाली आणि ब्रिटन व अमेरिका या दोनच देशांत पहिल्या २४ तासांत त्याच्या सुमारे १ कोटी १० लाख प्रती खपल्या. एवढ्या मोठ्या वाचकवर्गाला चित्रपटाकडून उत्कंठा नको होती. त्याला पाहायचे होते ते एवढेच, की आपण वाचलेल्यातले पडद्यावर काय उरते आणि काय गळून जाते. ही अपेक्षा शेवटच्या वर्षात निर्माण झालेली नव्हती. तिची मुळे पहिल्या चित्रपटापर्यंत जातात आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय २०११ मधले समाधानही समजत नाही आणि त्या वेळची हळहळही समजत नाही.

मूळ अडचण कालक्रमाची होती. नोव्हेंबर २००१ मध्ये ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला मालिकेतला पहिला चित्रपट आला, तेव्हा सातपैकी चारच पुस्तके प्रसिद्ध झाली होती. पाचवे जून २००३ मध्ये आणि सहावे जुलै २००५ मध्ये आले, आणि पाचवा चित्रपट पडद्यावर झळकला तो सातवे पुस्तक बाजारात येण्याच्या जेमतेम दहा दिवस आधी. म्हणजे आठपैकी पाच चित्रपट शेवट हाती नसताना लिहिले, चित्रित केले आणि संकलित केले गेले. याच काळात पीटर जॅक्सन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग सलग चित्रित केले; पण त्यांच्यासमोर १९५४-५५ मध्ये पूर्ण झालेला ग्रंथ होता आणि कोणता धागा पुढे लागणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. पॉटरच्या पटकथाकारांना ती सोय नव्हती. पाचवा सोडून सर्व चित्रपटांची पटकथा लिहिणारे स्टीव्ह क्लोव्हज आणि पाचवा लिहिणारे मायकेल गोल्डनबर्ग या दोघांनाही जे. के. रोलिंग यांच्याकडून मिळणाऱ्या सूचनांच्या आधारेच कात्री चालवावी लागत होती. पाचव्या चित्रपटाच्या वेळी क्रीचर हा म्हातारा, कुरकुरणारा घरगडी वगळण्याचे घाटत होते. त्याला काढले तर पुढे तुमचीच पंचाईत होईल, असे लेखिकेने सुचवले आणि तो राहिला. प्रत्येक धाग्याच्या वाट्याला असा इशारा आला नाही.

पृष्ठसंख्या आणि मिनिटे शेजारी ठेवली की हा ताण लगेच दिसतो. ब्रिटिश आवृत्तीत दुसरे पुस्तक २५१ पानांचे आहे आणि त्याचा चित्रपट १६१ मिनिटांचा, मालिकेतला सर्वांत लांब. पाचवे पुस्तक ७६६ पानांचे, सातांत सर्वांत जाड. त्याचा चित्रपट मात्र १३८ मिनिटांत आटोपला. चौथ्या पुस्तकाचे दोन चित्रपट करण्याचा विचार झाला होता, पण दिग्दर्शक माइक न्यूएल यांनी तो एकातच बसवला. तिसऱ्या चित्रपटापासून, म्हणजे अल्फॉन्सो क्वारॉन यांच्या २००४ मधील चित्रपटापासून, कथानकाला फाटे फोडणारे सर्व काही छाटून हॅरीच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवण्याची पद्धत रुळली. चित्रपटकलेच्या दृष्टीने ती पद्धत योग्य होती, आणि माझ्या मते क्वारॉन यांचा चित्रपट आठांमध्ये सर्वांत देखणा आहे. तरीही छाटलेल्या प्रत्येक गोष्टीचे देणे मागे राहत होते आणि ते पुढच्या चित्रपटाच्या नावावर चढत होते.

डॉबीचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या चित्रपटात, २००२ मध्ये, हा मोठ्या डोळ्यांचा, मळक्या उशीच्या अभ्र्यात वावरणारा गुलाम मुक्त होतो. पुस्तकांत तो त्यानंतरही येत राहतो: चौथ्यात हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतो आणि स्पर्धेच्या ऐन वेळी हॅरीला पाण्याखाली श्वास घेऊ देणारी वनस्पती आणून देतो, पाचव्यात विद्यार्थ्यांच्या गुप्त सरावासाठी खोली सुचवतो, सहाव्यात हॅरीचा प्रतिस्पर्धी मॅल्फॉय याच्यावर पाळत ठेवतो. चित्रपटांत वनस्पती देण्याचे आणि खोली शोधण्याचे काम हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याच्याकडे गेले आणि डॉबी थेट नोव्हेंबर २०१० मध्ये, ‘डेथली हॅलोज’च्या पहिल्या भागात, परतला तो मरण्यासाठीच. ज्याने पुस्तके वाचली होती त्याच्यासाठी तो हॅरीचा जुना जिवलग होता. ज्याने फक्त चित्रपट पाहिले होते त्याच्यासाठी तो आठ वर्षांपूर्वीचा ओळखीचा चेहरा होता. समुद्रकाठच्या वाळूतला तो मृत्यू तरीही हेलावून सोडतो, याचे श्रेय त्या प्रसंगाच्या संयत चित्रणाला द्यायला हवे.

आरशाच्या तुकड्याची गोष्ट याहून अवघड झाली. पाचव्या पुस्तकात हॅरीचा धर्मपिता सिरियस त्याला एक जोड-आरसा देतो, ज्यातून दूरच्या माणसाशी बोलता येते, हॅरी तो वापरायला विसरतो, सिरियसच्या मृत्यूनंतर संतापाने फोडतो आणि त्यातला एक तुकडा पुढे त्याच्याजवळ राहतो. चित्रपटात यातले काहीच आले नाही. त्यामुळे २०१० मध्ये हॅरीच्या हातात अचानक काचेचा एक तुकडा दिसला आणि त्यात निळा डोळा चमकला, तेव्हा पुस्तक न वाचलेल्यांना तो कुठून आला याचा थांगपत्ता लागेना. शेवटच्या भागात तो सिरियसचा होता एवढे एका ओझरत्या संवादातून कळते, हॅरीकडे तो कसा आला हे मात्र कधीच कळत नाही. शेवटच्या चित्रपटाने आधीच्या चित्रपटांची भोके बुजवावीत ही चाहत्यांची मागणी कुणाला हट्टाची वाटली असेल, पण ती अशा नेमक्या जागांवरून उभी राहिली होती.

जुलै २००९ मधला सहावा चित्रपट या हिशेबात सर्वांत जास्त भर घालणारा ठरला. तो आधी २१ नोव्हेंबर २००८ रोजी यायचा होता. पटकथालेखकांच्या संपामुळे पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोठ्या चित्रपटांची टंचाई होणार हे पाहून निर्मिती कंपनीने ऑगस्ट २००८ मध्ये तो आठ महिने पुढे ढकलला आणि चाहत्यांनी तीव्र नाराजी कळवली. हा वर्ग संघटित होता, हे कंपनीला अनुभवाने ठाऊक होते: २०००-०१ मध्ये तिने शाळकरी मुलांनी चालवलेल्या संकेतस्थळांना नावाच्या हक्कावरून कायदेशीर पत्रे पाठवली होती, मुलांनी बहिष्काराची मोहीम उभारली होती आणि कंपनीलाच माघार घ्यावी लागली होती. सहाव्या चित्रपटाने पुस्तकाच्या अखेरीस किल्ल्यात होणारी लढाई गाळली. शेवटच्या भागात हॉगवर्ट्सची मोठी लढाई येणारच आहे, तेव्हा पुनरावृत्ती नको, असे त्याचे कारण दिले गेले. पुस्तकात कुठेही नसलेला, हॅरीचा मित्र रॉन याच्या वीझली कुटुंबाचे घर पेटवण्याचा प्रसंग मात्र त्यात घालण्यात आला. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या पूर्वायुष्यातील बहुतेक आठवणीही गेल्या. ही गळती साधी नव्हती. त्या आठवणींतूनच त्याने आपल्या आत्म्याचे तुकडे कोणत्या वस्तूंत दडवले असतील याचा माग वाचकाला लागतो. चषक आणि लॉकेट त्याच्या हाती कसे पडले ते तिथेच कळते. चित्रपटातल्या हॅरीला हे माहीतच नसल्यामुळे शेवटच्या भागात त्याला त्या वस्तूंची जवळून कुजबुज ऐकू येते, अशी वेगळी योजना करावी लागली.

सहावा चित्रपट येण्याआधीच, मार्च २००८ मध्ये, सातव्या पुस्तकाचे दोन चित्रपट होणार अशी घोषणा झाली. यात पैशाचा विचार होता हे कोणी नाकारणार नाही, पण वाचकांच्या दृष्टीने त्या घोषणेचा खरा अर्थ असा होता की ‘वेळ पुरत नाही’ ही सबब आता उरली नाही. १९ फेब्रुवारी २००९ ते १२ जून २०१० असे तब्बल सोळा महिने दिग्दर्शक डेव्हिड येट्स यांनी दोन्ही भागांचे चित्रीकरण एकत्र केले. पहिला भाग थांबला तो हॉगवर्ट्सचे दिवंगत मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्या समाधीतून व्होल्डेमॉर्ट सर्वशक्तिमान कांडी काढून घेतो त्या क्षणी, म्हणजे ३६ प्रकरणांपैकी चोविसाव्यापाशी. उरलेल्या बारा प्रकरणांना आणि उपसंहाराला एक संपूर्ण चित्रपट मिळणार होता. पुढे तो भरला १३० मिनिटांचा, आठांत सर्वांत आखूड, आणि ही लांबी जाहीर झाल्यावर अनेकांच्या कपाळावर आठी उमटली.

आता शेवटच्या भागाकडून नेमके काय मागितले जात होते, ते पाहू. सर्वांत वरचे नाव स्नेपचे होते. सहाव्या पुस्तकानंतरची दोन वर्षे तो गद्दार की निष्ठावंत या वादात गेली होती आणि सातव्यातील तेहतिसाव्या प्रकरणाने त्याचा निकाल लावला. मृत्युशय्येवरच्या स्नेपने दिलेल्या आठवणींतून त्याचे हॅरीच्या आईवरचे, लिलीवरचे, बालपणापासूनचे प्रेम उघड होते. पण पाचव्या चित्रपटात स्नेपच्या अपमानाची आठवण दाखवताना त्यातून लिलीलाच वगळले होते. पुस्तकात ती त्याच्या मदतीला धावते, तो अपमानाच्या भरात तिलाच हीन शिवी देतो आणि त्यांची मैत्री त्या एका शब्दावर तुटते. हा सांधा निखळला असताना शेवटचा चित्रपट दहा मिनिटांत सारे कसे उभे करणार, ही काळजी रास्त होती. तो शब्द शेवटच्या चित्रपटातही आला नाही. तरीही हे प्रकरण बहुतेकांच्या अपेक्षेला उतरले, आणि त्याचे मोठे कारण स्नेप साकारणारे अ‍ॅलन रिकमन हे होते. रोलिंग यांनी स्नेपच्या मनाचा एक धागा त्यांना फार आधी, पुस्तके अपुरी असतानाच, विश्वासाने सांगितला होता. त्यामुळे त्यांच्या स्नेपच्या थंड नजरेत सुरुवातीपासून काहीतरी राखून ठेवलेले होते, आणि पटकथेने जे पेरले नव्हते ते या नटाने पेरून ठेवले होते.

दुसरी मागणी अखेरच्या द्वंद्वाची होती, आणि इथे मात्र मला चाहत्यांची तक्रार पूर्णपणे पटते. पुस्तकात ते द्वंद्व भोजनगृहात होते. लढाईतून उरलेले सारे, विद्यार्थी, शिक्षक, पालक, भिंतीलगत उभे असतात. हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट एकमेकांभोवती फिरत असतात. हॅरी त्याला त्याच्या जन्मनावाने हाक मारतो आणि त्याचा हिशेब कुठे चुकला ते सर्वांसमक्ष, शांतपणे सांगतो. खिडकीत सूर्याची कोर येते, दोन मंत्र एकमेकांवर आदळतात आणि व्होल्डेमॉर्ट कोणत्याही मर्त्य माणसासारखा जमिनीवर कोसळतो. मृत्यूला हरवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचे उरते ते केवळ एक प्रेत, आणि ते सर्वांनी पाहायचे असते. प्रदर्शनापूर्वीच्या झलकींत हॅरी त्याला कवटाळून बुरुजावरून उडी घेताना दिसला, तेव्हाच जाणकारांनी ओळखले की हा प्रसंग बदलला आहे. चित्रपटात दोघे ओसाड प्रांगणात एकटे आहेत आणि व्होल्डेमॉर्टच्या देहाच्या राखेसारख्या चिंध्या हवेत विरून जातात. दृश्य म्हणून ते त्रिमिती पडद्यावर उठून दिसले असेल, पण साक्षीदारही गेले आणि प्रेतही गेले. त्यानंतरची कांडीची गोष्टही तशीच आहे. पुस्तकातला हॅरी त्या बलाढ्य कांडीने आधी आपली मोडलेली जुनी कांडी सांधतो आणि मग ती जिथून आली तिथे परत ठेवायचे ठरवतो. चित्रपटातला हॅरी तिचे दोन तुकडे करून दरीत भिरकावतो. त्याची स्वतःची कांडी, जी पहिल्या भागात मोडली होती, ती मोडलेलीच राहते.

बाकीच्या अपेक्षा थोडक्यात सांगता येतात. जॅक्सन यांच्या तिसऱ्या भागाला २००४ च्या सोहळ्यात ११ ऑस्कर मिळाल्यापासून अशा मालिकेचा शेवट सन्मानाने व्हावा अशी आस होती; पॉटरच्या अखेरच्या चित्रपटाला तीन नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही नाही, जगभरातील उत्पन्न मात्र १३० कोटी डॉलरच्या पुढे गेले. आपल्याकडे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तके मराठीत आणली होती आणि ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचून मोठी झालेली मुले २०११ पर्यंत महाविद्यालयात पोहोचली होती.

उपसंहाराबद्दल आधीपासूनच धास्ती होती. १९ वर्षांनंतर, १ सप्टेंबर २०१७ रोजी, हॅरी, रॉन आणि हर्मायनी हे तिघे मित्र आपापल्या मुलांना फलाट क्रमांक पावणेदहावर सोडायला येतात, असा तो प्रसंग आहे. विशीतल्या नटांनी छत्तिशी-सदतिशी ओलांडलेले आईबाप दिसायचे होते. जून २०१० मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात तो चित्रित झाला, पण रंगभूषा मनासारखी जमली नाही आणि डिसेंबरमध्ये सर्वांना लीव्हझडेन स्टुडिओत पुन्हा बोलावून, तिथे फलाट उभारून तो नव्याने घेण्यात आला. संगीताबद्दलही एक जुनी इच्छा होती: पहिल्या तीन चित्रपटांचे संगीतकार जॉन विल्यम्स यांनी शेवटासाठी परत यावे. ते आले नाहीत. दोन्ही अखेरचे भाग अलेक्झांडर देस्प्ला यांनी सांभाळले. पण गाडी धूर सोडत निघते आणि तिघे फलाटावर तिच्याकडे पाहत उभे राहतात, तेव्हा विल्यम्स यांची २००१ मधली, पहिल्या वर्षाअखेर हॅरी हॉगवर्ट्स सोडून निघतानाची धून वाजू लागते आणि पडदा काळा होतो.