बंप स्टॉप काढला की राइड मऊ होते?

"गाडी खाली केली की बंप स्टॉप काढून टाका, राइड मऊ होते." असा सल्ला मिळतो. बंप स्टॉप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांडीवरचा फोमचा तुकडा. सल्ला पटण्यासारखा आहे, कारण आखूड स्प्रिंग बसवून गाडीची उंची उतरवल्यावर शॉकची दांडी आधीच बरीच आत गेलेली असते आणि दणका लवकर बसतो. पण दोष फोमच्या त्या तुकड्याचा नाही, कमी उरलेल्या जागेचा आहे. तो दबत दबत घट्ट होतो. नसेल तर मोठ्या खड्ड्यात शॉक आतून धातूवर धातू आपटतो. फार तर आखूड बसवा, किंवा स्प्रिंगसोबत दिलेल्या मापानंच कापा.

तपासायचंय? शॉकच्या चकचकीत दांडीवर झिप टाय आवळा, तळाशी सरकवा आणि रोजच्या स्पीडब्रेकरवरून फिरून या. टाय वर सरकून बंप स्टॉपला टेकलेला दिसला, तर तो रोज राबतोय.