माहितीशास्त्र : अध्ययन व संशोधन (नाशिक)

माहितीची नोंद, वर्गीकरण, साठवण आणि शोध यांचा, तसेच वाचक ती कशी वापरतो याचा अभ्यास करणारी विद्याशाखा. विद्यापीठांत ती बहुधा ‘ग्रंथालय व माहितीशास्त्र’ या जोडनावाने शिकवतात. संगणकशास्त्राशी तिचा निकटचा संबंध असला तरी तिचा भर यंत्रापेक्षा शोधणाऱ्या माणसाच्या गरजेवर असतो.

भारतात या शिक्षणाचा पाया सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1911 मध्ये घातला गेला. पुढे ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आणि 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण (विषयाचे पैलू ‘:’ या चिन्हाने जोडणारी ग्रंथवर्गीकरण पद्धत) मांडले.

नाशिकमध्ये या विषयाचे मोठे केंद्र म्हणजे 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) आणि त्यानंतर एम.लिब. (पदव्युत्तर पदवी) असा क्रम असतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना मुक्त शिक्षणाची ही पद्धत विशेष मानवते. शिकलेले वर्गीकरण त्यांना दुसऱ्याच दिवशी कपाटापुढे पडताळून पाहता येते.

विषयाचा खरा कस तालिकीकरणात, म्हणजे ग्रंथांच्या नोंदींची सूची (तालिका) करण्यात लागतो. नाशिककर वि. वा. शिरवाडकर यांनी कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहिल्या, नाटके मात्र स्वतःच्या नावाने. तालिकेत ही दोन नावे जोडलेली नसतील, तर एका नावाने शोधणाऱ्याला अर्धेच लेखन सापडते. म्हणून एक नाव अधिकृत ठरवून दुसऱ्यावरून ‘पाहा’ असा निर्देश देतात. ‘नासिक’ आणि ‘नाशिक’ या दोन्ही लेखनांबाबतही तेच करावे लागते. नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’सारख्या 1840 पासूनच्या संस्थेतील जुना संग्रह संगणकावर आणताना या तपशिलांकडे काणाडोळा केला, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला मिळत नाही. शोधाचा दर्जा दोन मापांनी ठरतो : सापडलेल्या नोंदींपैकी किती कामाच्या, आणि कामाच्या नोंदींपैकी किती सापडल्या. बहुतेक वेळा एक वाढले की दुसरे घटते.

पीएच.डी.साठी अभ्यासक्रम, संशोधन आराखडा आणि प्रबंध हे टप्पे असतात. मान्य झालेले प्रबंध इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात ठेवले जातात. विषय निवडण्याआधी ते चाळणे अत्यावश्यक. वाचकांच्या सवयींवर प्रश्नावली भरून घेण्याचे काम या क्षेत्रात पुष्कळ झाले आहे, आणि तेच ते पुन्हा करण्यापेक्षा नाशिक परिसरातील सामग्रीकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हा अस्सल माहितीशास्त्राचा प्रश्न आहे. त्र्यंबकेश्वर व पंचवटीतील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. यजमान आला की गाव आणि आडनाव विचारून त्याच्या पूर्वजांची नोंद काढली जाते. या शोधपद्धतीचे दस्तऐवजीकरण करणे, वह्यांचे अंकीकरण (डिजिटल रूपांतर) करताना मूळ क्रम टिकवणे आणि कुटुंबांची खाजगी माहिती कोणाला, कितपत खुली करायची हे ठरवणे, अशी तिन्ही कामे संशोधकासमोर आहेत.