खिडकी बंद झाली, टायमर मात्र चालूच

पावसाने जोर धरला की कोल्हापुरात एकच विचारपूस सुरू होते, 'बंधाऱ्यावर किती फूट?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर आपल्याला लिहायचं आहे असं धरू. मुख्य खिडकी एक. तिच्यात राजाराम बंधारा, राधानगरी धरण असं प्रत्येकाचं एक पॅनेल. पॅनेलमध्ये आकडा, आलेख, रंगाची पट्टी आणि डोळ्यांना न दिसणारा एक टायमर, जो दर पंधरा मिनिटांनी नवी नोंद मागवून आकडा बदलतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एकेक ऑब्जेक्ट. स्वतःची माहिती आणि स्वतःचं काम तो स्वतःजवळच ठेवतो.

आता कुणीतरी राधानगरीचं पॅनेल बंद केलं. आकडा गेला, आलेख गेला. टायमरचं काय?

तो मागे राहिला, तर पंधरा मिनिटांनी नसलेल्या पॅनेलमध्ये आकडा लिहायला जाणार. सी++सारख्या भाषेत मेमरीतली ती जागा तोवर दुसऱ्याच कुणाला दिलेली असू शकते. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. वाईट असेल तर कोसळत नाही, भलत्या जागी भलताच आकडा लिहून पुढे चालू लागतो. बरं, या धास्तीने काहीच पुसायचं नाही असं ठरवलं, तर उघडून मिटलेलं प्रत्येक पॅनेल मेमरीत साचत जातं. हा मेमरी लीक. तासाभराच्या वापरात तो कुणाला कळतही नाही. पुराच्या दिवसांत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रावर नेमका नको त्या वेळी नडतो.

म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टला पॅरेंट लागतो, म्हणजे त्याला आपल्या पोटात ठेवणारा आणि जाताना त्यालाही सोबत नेणारा दुसरा ऑब्जेक्ट. इथे वारसा, म्हणजे एका क्लासने (ऑब्जेक्ट ज्या साच्यावरून बनतो त्याने) दुसऱ्या क्लासचे गुण घेणं, अभिप्रेत नाही. 'बंधाऱ्याचं पॅनेल हा पॅनेलचाच एक प्रकार' हे क्लासमधलं नातं कोड लिहितानाच ठरतं. आपण बोलतोय ते प्रोग्रॅम चालू असताना जुळणाऱ्या आणि तुटणाऱ्या नात्याबद्दल: कोण कोणाच्या पोटात आहे आणि कोणाबरोबर कोणी जायचं.

क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना ओस्लोतल्या. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत त्या आल्या, आणि वापरात नसलेले ऑब्जेक्ट आपोआप उचलणारा गार्बेज कलेक्टरही त्यात होता. बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जे काम सुरू केलं, त्यातून पुढे सी++ आली. त्यांनी सिम्युलाचे क्लास घेतले, कलेक्टर घेतला नाही. वेग मिळाला, पण साफसफाई प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडली.

त्यावरचा एक देखणा तोडगा पुन्हा ओस्लोतूनच निघाला. ट्रोलटेक कंपनीने १९९५ मध्ये बाहेर आणलेल्या क्यूट या सी++ लायब्ररीत ऑब्जेक्ट बनवतानाच त्याचा पॅरेंट सांगता येतो. पॅरेंट आपल्या मुलांची यादी ठेवतो आणि नष्ट होताना त्या सगळ्यांना नष्ट करतो. मूल आधी गेलं तर ते पॅरेंटच्या यादीतून आपलं नाव काढून घेतं. पॅनेल मिटलं की त्याच्या पोटातला टायमरही गेला, वेगळी आठवण ठेवायला नको. एक खोच मात्र आहे. एकाच फंक्शनमध्ये स्थानिक व्हेरिएबल म्हणून आधी मूल आणि मग पॅरेंट बनवला, तर सी++च्या उलट्या क्रमाने (शेवटी बनलेलं आधी पुसायचं) पॅरेंट आधी जातो, जाताना मुलाला पुसतो, आणि मग भाषा त्याच मुलाला पुन्हा पुसायला येते. प्रोग्रॅम आडवा.

स्विफ्टसारख्या भाषांचा हिशोब वेगळा. प्रत्येक ऑब्जेक्टला किती जणांनी धरून ठेवलंय हे मोजायचं, मोजणी शून्यावर आली की तो काढून टाकायचा. पॅनेलने टायमरला धरलं आणि टायमरनेही पॅनेलला, तर ही मोजणी कधीच शून्य होत नाही. पतसंस्थेत दोघे एकमेकांना जामीन राहिले की एकाचंही खातं सुटत नाही, तसंच. उपाय म्हणजे वीक रेफरन्स: मुलाला पॅरेंट ठाऊक असतो, पण त्याचं धरणं मोजणीत येत नाही. सी++मध्ये ही सोय २०११ च्या मानकात आली.

जावा या भाषेत गार्बेज कलेक्टर असल्यामुळे अशी चक्रं आपोआप सुटतात. म्हणून तिथे विचारच करायला नको, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. चालू टायमरला यंत्रणेनेच धरून ठेवलेलं असतं, टायमरने पॅनेलला, आणि कलेक्टरच्या दृष्टीने ते पॅनेल अजून वापरातच असतं. टायमर कुणाचा, हे ठरवणं भाषेवर सोपवता येत नाही. पॅनेल बंद असतानाही नोंदी साठवायच्या असतील, तर तो पॅनेलखाली नकोच, नोंदी गोळा करणाऱ्या ऑब्जेक्टखाली हवा.

बोलण्याचीही दिशा असते. पॅरेंटने मुलाला थेट हुकूम द्यावा. मुलाने पॅरेंटला नावाने हाक मारू नये, फक्त 'पातळी ४३ च्या वर गेली' असं जाहीर करावं. ज्याला गरज असेल तो ऐकेल. क्यूटमध्ये याला सिग्नल म्हणतात. पॅनेलनेच मुख्य खिडकीला 'भोंगा वाजव' म्हटलं, तर ज्या ॲपमध्ये भोंगाच नाही तिथे ते पॅनेल लावता येत नाही.

राहता राहिली दत्तकविधानाची गोष्ट. पॅनेल ओढून दुसऱ्या खिडकीत टाकलं की त्याचा पॅरेंट बदलतो, पण एका वेळी पॅरेंट एकच. वेब पानांच्या रचनेतही हाच नियम आहे: एखादा घटक नव्या जागी जोडला की ब्राउझर तो जुन्या जागेवरून स्वतःच उचलतो, त्याची प्रत काढत नाही. दोन ठिकाणी हवा असेल तर दुसरा बनवावा लागतो.