परराज्यातल्या गळाला महागडा परवाना का?

डॅलसच्या उत्तरेला लेक टेक्सोमा आहे. टेक्सास आणि ओक्लाहोमाची हद्द या तलावाच्या पाण्याखालून जाते. स्ट्राइप्ड बास या माशाच्या मागे नाव थोडी पुढे सरकली की मासेमारीचा परवाना दुसऱ्या राज्याचा लागतो. म्हणूनच दोन्हीकडे चालणारा टेक्सोमाचा वेगळा परवाना निघाला. बाकी ठिकाणी बाहेरून आलेल्याने जास्त पैसे मोजायचे, हा अमेरिकेतला सरसकट रिवाज.

याचं मूळ ‘राज्यातले मासे राज्यातल्या लोकांचे’ या समजुतीत. व्हर्जिनियाच्या पाण्यात कालवं लावणाऱ्या मेरीलँडच्या माणसाला झालेला 500 डॉलरचा दंड सर्वोच्च न्यायालयाने 1876-77 च्या सत्रात कायम केला. 1948 मध्ये मात्र दक्षिण कॅरोलिनाला दणका बसला. कोळंबीच्या नावेला राज्यातल्यांसाठी 25 डॉलर आणि बाहेरच्यांसाठी 2,500, हे पोटावर पाय देणं झालं, ते चालणार नाही, असा निकाल लागला.

मग हौशी माणसाचं काय? हे ठरलं 1978 मध्ये, तेही माशावरून नव्हे, एल्क या मोठ्या हरणावरून. मोन्टानात 1976 च्या हंगामात नुसत्या एल्कचा परवाना स्थानिकांना 9 डॉलरला मिळे. बाहेरच्याला तो सुटा मिळतच नसे, 225 डॉलरचा, इतर प्राण्यांसह एकत्रित परवानाच घ्यावा लागे. म्हणजे पंचवीसपट. मिनेसोटाचे शिकारी न्यायालयात गेले आणि 6 विरुद्ध 3 मतांनी हरले. शिकार हा विरंगुळा आहे, उपजीविका नाही, त्यामुळे राज्यांनी एकमेकांच्या नागरिकांना समान वागवण्याचा नियम इथे लागत नाही, असं बहुमताचं म्हणणं. मला हे लंगडं वाटतं. धंदा करणाऱ्याला संरक्षण आणि वर्षातून चार दिवस गरवायला जाणाऱ्याला नाही? त्यातून पुढच्याच वर्षी, ओक्लाहोमातून टेक्सासला छोटे मासे नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात, वन्यजीव राज्याच्या मालकीचे, हा 1896 पासूनचा सिद्धांतच न्यायालयाने मोडीत काढला. मालकी गेली, जादा फी राहिली. पुढे एका अपील न्यायालयाने ॲरिझोनाने बाहेरच्या शिकाऱ्यांवर घातलेल्या कोट्यावर शंका घेतली, तेव्हा 2005 मध्ये संसदेने कायदा करून राज्यांचा हा अधिकार पक्का केला.

राज्यं तो सोडतील कशाला? 1950 च्या केंद्रीय कायद्याने गळ, रीळ वगैरेंवरच्या कराचा पैसा राज्यांना वाटला जातो. त्यातला 60 टक्के वाटा परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो, 40 टक्के क्षेत्रफळावर. परवान्याची फी दुसरीकडे वळवायची नाही, ही त्यातली अट.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा घोटाळा होतो तो ‘रहिवासी’ या शब्दावर. ‘आम्ही व्हिसावर, म्हणजे बाहेरचेच’ असं समजून काही जण उगाच महाग परवाना घेतात. टेक्सासला पाहिजे ते सलग सहा महिन्यांहून जास्त वास्तव्य, कॅलिफोर्नियाला सहा किंवा जास्त महिन्यांचं. नागरिकत्वाचा संबंध नाही. टेक्सासमधल्या प्लेनोत सलग आठ महिने राहिलेला पुण्याचा इंजिनिअर रहिवासी ठरतो आणि पलीकडच्या ओक्लाहोमात राहणारा अमेरिकन परराज्यातला. अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) मागतात तो मात्र रहिवास ठरवण्यासाठी नाही. मुलांची पोटगी थकवणारे सापडावेत म्हणून केंद्रीय कायद्याच्या 1997 च्या दुरुस्तीने हौशी परवान्यांनाही तो रकाना चिकटला.