वेदीमागील चित्रातली मोकळी जागा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वेदीमागच्या भिंतीसाठी किंवा घरातील प्रार्थनेच्या खोलीसाठी चित्र मागवणाऱ्या मंडळींशी पहिली बोलणी बहुधा सुरळीत होतात. बायबलमधील प्रसंग ठरलेला असतो, भिंतीचे माप आणलेले असते, आणि चित्रासमोर उभे राहताच माणसाने क्षणभर नि:शब्द व्हावे, ही अपेक्षाही सर्वांची एकच असते. अडचण येते ती रेखाटन मंजूर झाल्यावर. रंगकाम अर्ध्यावर असताना समितीतील कोणीतरी पाहून जातात आणि वरची जागा रिकामी दिसते, तिथे दोन देवदूत, थोडे ढग व सोनेरी किरण टाका, असे सुचवतात. आमचा सर्वाधिक वेळ या एकाच सूचनेपायी जातो.

ती जागा आम्ही विचारपूर्वक राखलेली असते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील सहाव्या अध्यायातले दर्शन पाहावे. संदेष्टा उंच सिंहासनावर बसलेल्या प्रभूला पाहतो, परंतु त्याच्या मुखाविषयी एक अक्षरही लिहीत नाही. वस्त्राच्या घोळाने मंदिर व्यापले, उंबरठे हादरले आणि धूर दाटला, एवढेच सांगतो. सिंहासनाजवळचे सराफीम नावाचे देवदूतसुद्धा आपल्या सहा पंखांपैकी दोन पंखांनी तोंड झाकून घेतात. म्हणून या विषयावर आम्ही वस्त्राचा घोळ पायऱ्यांवरून ओसंडणारा, माणसाहून मोठा काढतो आणि वरचा भाग धुरात विरू देतो. तिथे मुकुट घातलेला चेहरा रेखला, की नजर त्या चेहऱ्यापाशीच थांबते.

मार्काच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशू वादळ शांत करतो, त्या प्रसंगाचेही असेच आहे. किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांची ही आवडती मागणी असते आणि सोबत बहुतेकदा डच चित्रकार रेम्ब्रांटच्या या प्रसंगावरील १६३३ सालच्या चित्राची प्रत येते. ते चित्र थोरच आहे, पण त्यातील क्षण वादळ ऐन भरात असतानाचा आहे. शिष्यांना मोठे भय वाटल्याचा उल्लेख मात्र वारा पडून समुद्र निवांत झाल्यानंतर येतो. तो क्षण हवा असेल, तर सपाट पाणी लागते, आणि ते पुष्कळ लागते.

रोममधील सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे मत्तयाच्या पाचारणाचे, म्हणजे येशू जकातदार मत्तयाला शिष्य होण्यास बोलावतो त्या प्रसंगाचे, चित्र आहे. सुमारे १६०० सालच्या त्या चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे एक अंधारी भिंत आणि जिच्यातून उजेड येत नाही अशी खिडकी. तिरपा प्रकाश उजवीकडून आत शिरतो आणि ख्रिस्ताचा पुढे केलेला हात व मेजाभोवतीचे चेहरे उजळतो. ती भिंत देवदूतांनी भरली असती, तर तो हात दिसला असता, पण जाणवला नसता.

याला रंगांच्या स्वभावाचेही कारण आहे. तैलरंगाचा थर वर्षानुवर्षे थोडा पारदर्शक होत जातो, त्यामुळे गडद भागावर नंतर चढवलेल्या फिकट देवदूताखालून जुना आकार पुढे डोकावू लागतो. असा बदल नीट करायचा, तर तो भाग खरवडून, पुन्हा अस्तर देऊन, वाळण्याची वाट पाहावी लागते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत हे वाळणे फारच लांबते.

यासाठी आम्ही रंगाला हात लावण्यापूर्वी पूर्ण मापाचे कोळशाचे रेखाटन कागदावर करून प्रत्यक्ष भिंतीवर लावून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ते एका रविवारच्या उपासनेपर्यंत तसेच राहू द्यावे, शेवटच्या बाकावरून पाहावे, आणि धर्मगुरूंसह ज्यांचे मत घ्यायचे आहे त्या सर्वांचे याच वेळी घ्यावे. या टप्प्यावर सुचवलेला कोणताही बदल आम्ही आनंदाने करतो. पहिल्या भेटीला येताना अध्याय व वचन लिहून आणावे, तसेच भिंतीचा सकाळी आणि संध्याकाळी काढलेला एकेक फोटो आणावा, म्हणजे खिडकीतून येणाऱ्या खऱ्या उजेडाशी चित्रातील उजेड जुळवता येतो. पुनरुत्थानाच्या सणासाठी चित्र हवे असल्यास आदल्या पावसाळ्यापूर्वी भेटावे.