गंगापूरचा विसर्ग आणि दुतोंड्या मारुतीची कंबर

समजा मोबाइलवर निरोप आला: 'गंगापूर धरणातून दुपारी ३ वाजता ५,००० क्युसेक विसर्ग.' नाशिकच्या गोदाघाटावर मात्र विचारतात एवढंच, की दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्या मूर्तीवरून गोदावरीचा पूर मोजतात तिच्या, कुठपर्यंत पाणी आलंय? दोन्ही मापं एकाच नदीची आहेत, पण जागा वेगळी आणि वेळही वेगळी. दोन्ही जोडून वाचली तरच उपयोग.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. ५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चौदा टँकर. हे पाणी लगेच घाटावरच्या रामकुंडावर पोचत नाही. पात्रातलं अंतर पंधरा किलोमीटर आणि वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर पावणेतीन तास लागतात. विसर्ग वाढला की वेगही वाढतो आणि हा अवधी आक्रसतो. म्हणून निरोपात आकड्याआधी वेळ बघा. घाटावर उभी केलेली गाडी तेव्हाच काढायची, पायरी भिजायची वाट बघायची नाही.

धरण शंभर टक्के भरलं नसताना पाणी का सोडतात, असं दरवर्षी विचारलं जातं. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे परिचलन सूचीत ठरलेलं असतं. त्र्यंबककडे मुसळधार लागली, वरच्या काश्यपी-गौतमी धरणांचं पाणीही येऊ लागलं, तर ते सामावायला जागा हवी. आज थोडं सोडलं नाही तर उद्या एकदम सोडावं लागतं, आणि ते फार वाईट.

पण खरी चूक होते ती पुढे. विसर्गाचा आकडा फक्त धरणाचा असतो, शहरात पडलेला पाऊस त्यात नसतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. दहा चौरस किलोमीटर काँक्रीट-डांबरावर तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला आणि सगळा वाहून आला, तर सरासरी प्रवाह जवळपास ४,९०० क्युसेक होतो, म्हणजे निरोपातल्या विसर्गाइतकाच! त्यामुळे धरणाचे दरवाजे बंद असूनही नाले नदीत ओततात आणि पाणी चढतं. नासर्डी, वाघाडी या शहरातून गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांच्या काठच्यांनी तर गंगापूरच्या आकड्यावर विसंबूच नये.

सराफ बाजार, दहीपूल भागात आणखी एक गोष्ट घडते. पावसाळी गटारांची तोंडं नदीत उघडतात. नदीची पातळी त्या तोंडांच्या वर गेली की पाणी बाहेर पडत नाही, उलट चेंबरमधून वर येतं. रस्त्यावर पुराचा लोंढा दिसत नसताना दुकानात पाणी कसं शिरलं, याचं उत्तर तिथे असतं. तळमजल्यावर राहत असाल तर वाळूची छोटी गोणी प्लास्टिकमध्ये बांधून कमोडमध्ये आणि मोरीच्या जाळीवर ठेवा. तुंबलेलं पाणी जावं म्हणून चेंबरचं झाकण कधीही उघडू नका. गढूळ पाण्याखाली ते भोक दिसत नाही आणि माणूस ओढला जातो.

मारुतीचं मापही सरळ चालत नाही. पात्र सगळीकडे सारख्या रुंदीचं नाही, त्यामुळे विसर्ग दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट उंच होत नाही. जोराचं मात्र ध्यानात ठेवा: वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, म्हणून पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर दुचाकी घालू नये.

पाणी मीटरच्या पेटीपर्यंत येण्याआधी, हात-पाय कोरडे असताना मेन स्विच बंद करा. उशीर झाला असेल तर पेटीला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. जीव धोक्यात असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग माणसं किती, चालता न येणारी किती. विजांचा इशारा 'दामिनी' ॲपवर मिळतो.

पाणी ओसरल्यावर झाडलोट करायची घाई नको. भिंतीवरची गाळाची रेघ, भिजलेला माल, बिलं यांचे फोटो आधी काढा, रेघेशेजारी टेप धरून. पंचनाम्यात पाणी किती उंच होतं याची नोंद होते, आणि धुतलेल्या भिंतीवर ती रेघ दाखवता येत नाही. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. वस्तू सुटली असेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या.